सासूबाईंची शतावरी

पाळी जाताना अंगातून वाफा निघतात म्हणता ना, मग माझ्या सासूबाईंचं ऐका. महायुद्ध चालू होतं आणि मी सापगावात नवीनच नांदायला आले होते. सासूबाई बसल्या जागी घामानं भिजायच्या, छाती धडधडायची. कुणीतरी त्यांना शतावरीचं मूळ दुधातून घ्यायला सांगितलं. लाजेपोटी कुणाला न विचारता त्यांनी ते परसातून स्वतःच खणून आणलं.

मी मूळ उगाळून दुधाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि सालं टाकायला परसात गेले. बघते तर उकरलेल्या वेलीवर लाल-पिवळी फुलं! ती कळलावी होती. माझ्या माहेरची, मुरबाडकडची एक बाई तेच मूळ खाऊन मेली होती.

मी धावत आत आले. "आत्याबाय, पिऊ नका, इख हाय ते!"

"दोन घोट घेतले गो!"

मी सरळ त्यांच्या घशात बोटं घातली. ओकून ओकून त्या अर्ध्या झाल्या. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, "मी मेले तर लोक तुलाच धरतील. पेला तुझ्या हातचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली, तोवर मी त्यांच्या उशाशी बसून होते.

पुढं शहापूरच्या बाजारातून खरी शतावरी आली. पण पेला पुढं केला की सासूबाई म्हणायच्या, "आधी तू घे."

मूळ त्यांनीच खणलं होतं, पण ते बोलायची माझी छाती नव्हती. सतरा वर्षांची मी, पाळी जाण्यावरचं औषध वर्षभर रोज आधी मीच प्याले.