सुभेदार उठला न्हाई

न्हाई, न्हाई, कुत्र्याला काय बोलायचं न्हाई! मला बोला. सगळं गाव मला बोलून झालंय, तुमी तेवढं राह्यलाय, बोला... पर सुभेदाराला मधी घ्यायचं न्हाई. सुभेदार म्हंजे आमचं कुत्रं. लहानपणापासनं त्याच्या मिशाच अशा की दुसरं नाव शोभंना. शेजारचा भाऊसो मिलिटरीत कुत्र्यांच्याच पथकात हुता, हवालदार म्हणून रिटायर झाला. त्यो आजून माज्या कुत्र्याला नावानं हाक मारत न्हाई. मारंल कसा? सलाम ठोकाय लागंल की! तर असू द्या... लाज वाटती, पर सांगतो.

मी कोंडीबा आचारी. तासगावपासनं पार वाईपतोर, ज्याला नातवाच्या जावळाचं मटान झोकात करायचं असतंय त्यो माज्याकडं सुपारी घिऊन येतो. येत हुता म्हणा. आन जावळाचं मटान म्हंजे काय खेळ हाय व्हय? पोराचं पहिलं केस काढायचं, द्येवाला बोकड द्यायचं, आन पहिला निवद द्येवाचा. निवद दाखवल्याबिगर आचाऱ्यानं बोट बुडवून चाटायचं न्हाई, चाटलं की सगळं उष्टं! म्हंजे चारशे माणसांचा रस्सा नुसत्या नाकावर करायचा. कांदा कवा झाला, खोबरं कवा झालं, मसाला कवा मुरला, सगळं नाक सांगणार. लोक म्हणायची, कोंडीबाचं नाक म्हंजे सोनं हाय. त्ये सोनं करोनात गेलं.

आता करोनात नाकं सगळ्यांचीच गेली हुती, आन सगळ्यांची म्हागारी आली. आमच्या राहीबाईचं, म्हंजे आमच्या मंडळीचं, पंधरा दिसांत आलं. माजं तेवढं गेलं त्ये गेलंच! लसूण हुंगला, डिझेल हुंगलं, एकदा मुद्दाम म्हशीच्या म्हागं जाऊन उभा राह्यलो... काय सुदिक न्हाई. म्हशीनं वळून बघितलं, ह्याला काय झालंय म्हणून. मग नाक गेलेल्या आचाऱ्याला कोण बोलवील, तुमीच सांगा? म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. राहीबाईला बी न्हाई.

आन मग मला सुभेदार घावला. म्हंजे घरातच हुता, पर घावला तवा. मळ्यात एकाचं जेवण करत हुतो, वाटण परततोय, नाकाला पत्ता न्हाई... आन हे लांब झाडाखाली पडलेलं. कांद्याला त्याचा कान हालला. खोबरं पडलं, मान वर. आन जवा मसाला बरोब्बर झाला, तवा उठून आलं आन चुलीपाशी बसून लाळ गाळाय लागलं. मी तवाच मटान टाकलं. लोकांनी बोटं चाटली हो! त्या दिसापासनं तीन वर्सं, कुत्रं उठलं की मी मटान टाकतो. एकदा चुकला न्हाई.

भाऊसोला मी आडून आडून इचारलं, कुत्र्याचं नाक कवा लय चालतंय? त्यानं मिलिटरीतली छाती काढली. "पहले काम, बाद में खाना. उपाशी कुत्र्याला कोसावरचं हाड कळतंय. पोट भरलं की त्यो नुसता पाव्हना." झालं! मी काय केलं... लाज वाटती, पर सांगतो. कामाच्या आदल्या दिसापासनं सुभेदाराला उपाशी ठेवाय लागलो. गावाला जेवू घालणाऱ्याच्या घरात मुकं जनावर रिकामी थाळी चाटत बसायचं, आन माज्याकडं असं बघायचं... मी तोंड फिरवायचो. नाक माजं गेलं, आन भूक त्यानं काढायची!

आता आलं त्ये तात्याबाच्या नातवाचं जावळ. तात्याबा म्हंजे जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, आता शेती करतोय, पर आजून आभाळ बघून मेंढरांचं बोलतोय. बिरोबाच्या माळावर चार बोकडं, चारशे माणसं. लाकडं दिली ती ओली, डोळ्यात नुसता धूर. मी वाटण टाकलं, उलथनं फिरवाय लागलो, आन एक डोळा आमच्या भांड्यांच्या टेम्पोखाली, सुभेदार पडलाय तितं. कांद्याला कान हालला न्हाई. म्हटलं दमला असंल. खोबऱ्याला मान न्हाई. म्हटलं धुरानं वास तिकडं जात नसंल. मसाला टाकला... मी वाट बघतोय, कुत्रं उठंना!

तुमी म्हणशीला, आचारी हाईस का कोण हाईस, तेल सुटलेलं दिसत न्हाई व्हय? आवं, आमचा मसाला मुळातच काळा. त्यात त्यो धूर. आन खरं सांगू का, तीन वर्सांत नाकाबरुबर माजी बाकीची अक्कल बी मी त्या कुत्र्याकडं ठिवाय दिली हुती.

मग म्हणशीला, बाकीच्यांना तरी वास आला आसंल? आला की! पर कोण बोलतंय? भाकरी बडवणाऱ्या बाया एकमेकींला म्हणत हुत्या, कोंडीबाची काय तरी नवी पद्धत असंल! एवढं नाव झालेलं वाईट, बघा. एकटी राहीबाई आली. पदर नाकाला लावून हळूच म्हणाली, "आवं, जळतंय." आन मी काय म्हणालो? लाज वाटती, पर सांगतो. चार बायांच्या म्होरं म्हणालो, "तू भाकरीकडं बघ. मला शिकवू नगंस." ती गेली. मी पुन्यांदा टेम्पोखाली बघाय लागलो.

शेवटी उलथनं टाकलं आन टेम्पोपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो. "सुभेदार, उठ रं. उठ की बाबा." त्यानं एक डोळा उघडला, माजा हात चाटला, आन पोट वर करून झोपला. पोट बघितलं तर ढोलागत! म्हागनं राहीबाईचा आवाज आला. "सकाळी घातल्या दोन भाकरी आन वाडगंभर दूध. कालपासनं उपाशी हुतं, मला बघवंना. त्याला कशाला उठवताय? भरल्या पोटी कोण चुलीकडं जातंय?"

मी उठलो, वळलो, तर म्होरं तात्याबा. हातात निवदाचं ताट, पटक्याचा सोगा नाकाला लावलेला. म्हणाला, "कोंडीबा, वास कसला रं ह्यो?"

आन मी, चारशे माणसांच्या जेवणाचा आचारी, खरंखुरं इचारलं, "कसला वास?"

बाया भाकरी बडवायच्या थांबल्या, पावणं वळून माज्याकडं बघाय लागलं. पातेल्यातनं काळा धूर निघतोय आन मी इचारतोय, कसला वास! वाटलं बिरोबानं मला हितंच माळात गाडावं. मग काय, सांगून टाकलं. नाक गेल्यालं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, उपाशी ठेवल्यालं बी सांगितलं. तात्याबानं निवदाचं ताट खाली ठिवलं. मग म्हणाला, "पोट भरल्यालं मेंढरू हिरव्या रानाकडं बी बघत न्हाई. कुत्र्याचा काय गुन्हा? तू मला सांगितलं असतंस तर तुज्या चुलीपाशी मी उभा राह्यलो असतो. मला नाक हाय की." लय लागलं हो त्ये. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आन राहीबाई काय म्हणाली ठाव हाय? "मला तीन वर्सं झाली म्हाईत हाय. आंबलेल्या आमटीला झकास म्हणत जेवताय तुमी. कवा सांगताय त्याचीच वाट बघत हुते." मला एवढी लाज जळलेल्या वाटणाची बी वाटली न्हाई.

द्येवाला आळणीचा, म्हंजे बिनमसाल्याच्या शिजल्या मटनाचा, निवद दावला. वरवरचं वाटण दुसऱ्या पातेल्यात काढलं, तेवढ्यावरच रस्सा वाढवला. राहीबाईनं वास घेतला, म्हणाली टाका मटान, मी टाकलं. पंगत बसाय चार वाजलं. सकाळपासनं उपाशी माणसं, ताटाला ताट लावून जेवली, रस्सा मागून मागून प्याली! नावं ठेवली कुणी? जी दुसऱ्या जावळात जेवून आली हुती, त्यांनी.

आता सुभेदाराला रोज दोन टायम भाकरी हाय, कामाच्या दिशी बी. चुलीपाशी राहीबाई उभी राहती. ती जळतंय म्हणाली की मी उलथनं थांबवतो, शिकवू नगंस म्हणत न्हाई. वाटलं हुतं, ह्या बोभाट्यानं धंदा बसंल. बसला न्हाई... परवा मलकापूरचा एक गडी सुपारी घिऊन आला. मी पुढं झालो, पाणी दिलं, म्हटलं कवाचं जावळ? त्यो माज्याकडं बघंना. वाकून खाटंखाली बघत म्हणाला, "त्या दिशी कुत्रं मोकळं हाय का?"

काय करता? म्हटलं, हाय की, पर आता जेवूनच येतंय... मला काय, मी हायेच मोकळा.