चिकटवलेली दोन पानं

पुस्तक परत करायच्या रांगेत शाळेतल्या दोन मुली गप्पा मारत होत्या. कपाटाआड वाकून पुस्तकं लावणाऱ्या ग्रंथपालबाई त्यांना दिसत नव्हत्या.

“अगं, या पुस्तकातल्या नगरात भिंतीअलीकडच्यांनी पलीकडच्यांवर प्रेम करायचं नाही, असा कायदाच असतो.”

“आणि यातली नायिका करते?”

“करतेच! पण दोघं भेटतात ना, नेमकी तिथलीच दोन पानं कुणीतरी डिंकाने चिकटवलेली.”

“अय्या! मग?”

“मग काय, किटलीच्या वाफेवर धरून सोडवली.”

“काय होतं आत? सांग ना!”

“काही नाही गं. तो रडत असतो आणि ती त्याचा हात धरून बसते.”

“एवढंच?”

“एवढंच. पण पहारेकऱ्यांना तेवढंही खपत नाही ना!”

“आपल्या बाईंनीच चिकटवली असतील.”

“छे! पानाचा कोपरा दुमडला तरी बाईंचा जीव हळहळतो. उलट त्यांनाच सांगू या. ज्याने केलंय त्याला त्या बरोबर पकडतील.”

“बाई, आहात का?”

बाई अंगठ्यावरचा वाळलेला डिंक नखाने खरवडत होत्या. हाक ऐकताच त्यांनी तो अंगठा मुठीत लपवला.