दोन भोवरे

हसा, माझ्या टकलावर खुशाल हसा. पण परवा या टकलानं काय केलं ते ऐका.

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. वारज्यात गोठा होता तेव्हा याच माणसानं चोरीला गेलेली कालवड भर बाजारात ओळखली होती. चोरानं तिचं दावं बदललं होतं, शिंगं रंगवली होती. दादांनी नुसते तिच्या कपाळावरचे केस चाचपले आणि म्हणाले, "भोवरा आपलाच हाय." माझ्या डोक्यात दोन भोवरे होते. त्यावर बोट फिरवून म्हणायचे, "हे खोंड जत्रंत हरवलं तरी सापडंल मला."

तर सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आजोबा, हे कोण?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, ओळखलं! मी मान खाली घातली. त्यांची बोटं टकलावरून पुढे-मागे फिरत राहिली. तेव्हा कळलं, ते भोवरे शोधतायत.

डॉक्टर म्हणाले, "अहो, मुलगा आहे तुमचा."

"छ्या! माझ्या पोराला दोन भोवरं हायेत."

मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रडू नका, पाव्हणं. तुम्हाला बी येईल कुणीतरी शोधत."