दोन नावांची एक डॉक्टर

मराठी बाईने कोलकात्यात खुशाल नोकरी करावी, फक्त कागद दाखवू नयेत. मी इमर्जन्सीत डॉक्टर. सरकारी आरोग्य विम्याच्या पेशंटच्या कागदांवर सही करायला योजनेत माझी नोंदणी हवी होती. त्या ऑफिसातल्या घोषबाबूंनी माझी फाइल उघडली.

"पदवी स्नेहा सुरेश जोशींची. आधारवर स्नेहा मिलिंद केळकर. सुरेश कोण?"

"वडील."

"आणि मिलिंद?"

"नवरा. आमच्यात लग्नानंतर मधलं नावही बदलतं."

"म्हणजे तुमचं स्वतःचं फक्त स्नेहा. तेवढ्यावर नोंदणी होत नाही. दोघी एकच आहात, याचा पुरावा आणा."

लग्नाचा दाखला नेला. तो मराठीत होता, म्हणून परत आला.

आठवड्याने धाप लागलेल्या आईला घेऊन घोषबाबू आमच्याकडेच आले. तासाभराने आई नीट बोलायला लागल्या, तेव्हा घोषबाबूंनी विम्याचे कागद माझ्यापुढे धरले.

मी म्हटलं, "औषध सुरेशच्या मुलीने दिलंय. मिलिंदच्या बायकोला सही करता येत नाही."

त्यांनी कागद घडी घालून परत घेतले. तिसऱ्या दिवशी माझी फाइल मंजूर होऊन आली. पुराव्याच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं: "दोघी एकच आहेत. आईने पाहिलं आहे."