ओझं वाटतं का?

मोशीच्या सरूआत्यांचं तुम्हाला सांगितलं का मी? आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अशा पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय, या अभ्यासासाठी मी त्यांच्या घरी प्रश्नावली भरून घेत होते. शेजारी त्यांची सून वर्षा बसलेली.

"आजारामुळे घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटतं का?" मी विचारलं.

"न्हाई बाई, आजाबात न्हाई."

मी 'नाही'वर खूण केली. वर्षा चहा टाकायला आत गेली, तसा आत्यांनी माझा हात धरला.

"ते खोड आधी. लई वाटतं गं. माझ्यापायी ती चाकणच्या कंपनीत सारखी शिफ्ट बदलून घेती. तिच्याम्होरं कसं सांगू?"

मी उत्तर बदललं. चहा पिऊन निघाले, तर वर्षा फाटकापर्यंत सोडायला आली.

"ताई, आई मनातलं कधी बोलत नाहीत. मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडतंय. आज माझ्यादेखत म्हणाल्या, ओझं वाटत नाही. इतकं बरं वाटलं! तसंच लिहिलंय ना तुम्ही?"

फॉर्म माझ्या पिशवीतच होता.

"हो," मी म्हटलं, "अगदी तसंच लिहिलंय."