अठ्ठावन्नावा किलोमीटर

“हॅलो?… हॅलो, हो, मीच बोलतेय… दादा, तू? गाडीतून बोलतोयस का? आधी काच वर कर, हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाहीये… हं, आता बोल.”

मनीजे रूदबारीने मोबाईल खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हात टेबलावरच्या नकाशाकडे मोकळे ठेवले. तेहरानच्या या महामार्ग नियंत्रण कक्षात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. शेवटची सहा, वरिष्ठ वाहतूक अभियंता म्हणून. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत पडदे होते आणि प्रत्येक पडद्यावर गाड्याच गाड्या. नवरोजचा, म्हणजे इराणी नववर्षाचा, तेरावा दिवस होता. अर्धं शहर समुद्रकाठची सुट्टी संपवून घरी परतायला निघालं होतं, उद्यापासून शाळा आणि कचेऱ्या सुरू होणार होत्या. आणि नेमक्या याच दिवशी, सकाळी नऊ वाजता, तिने डोंगरातला चालूसचा रस्ता बंद केला होता. तिचा थोरला भाऊ होशंग आईला घेऊन रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, मर्ज़नाबादच्या अडसराशी अडकला होता.

“किती वेळ?… दोन तास चाळीस मिनिटं. ठाऊक आहे मला… अरे, तुझ्यावर लक्ष ठेवून नाही बसले. तिथे हजारो गाड्या आहेत, सगळ्यांचाच वेळ मोजतेय… नाही रे, मस्करी कशाला करू?… ऐक ना. दादा, ऐक. मला एक वाक्य पुरं करू देशील? रस्ता बंद आहे म्हणजे बंद आहे. तुला बंद, परक्याला बंद, मंत्र्याच्या मेव्हण्याला बंद… हो, तोही आहे रांगेत. तुझ्या पुढे असेल चार-पाचशे गाड्या. त्यालाही हेच सांगितलं, फक्त ‘साहेब’ म्हणून सांगितलं.”

“…हळू बोल, आई मागे झोपली असेल… नाही झोपली? कशी आहे ती?… पायावर सूज आलीय? किती? मोज्याचा वळ राहतोय का? बोटाने दाबून बघ… पर्वानेवहिनीला सांग, पाय वर करून ठेव म्हणावं, मांडीवर घे. आणि पाणी मोजूनच द्या. लसणाचं लोणचं खाऊ नका देऊ… खाल्लं? दादा! मीठ असतं त्यात! डायलिसिसचा पेशंट आहे आपल्या घरात, हे मी दर सुट्टीला नव्याने सांगायचं का?… हो, उद्या सकाळी सातची पाळी आहे, विसरले नाहीये. दवाखान्याच्या कागदावर सही माझीच आहे.”

तिने खुर्ची थोडी वळवली. कक्षात अकरा माणसं होती आणि सगळ्यांची पाठ तिच्याकडे असली, तरी कान तिच्याकडेच होते.

“काय झालंय ते सांगते, पण मधे बोलू नकोस. अठ्ठावन्नाव्या किलोमीटरवर, पुलाच्या अलीकडे, तो कडा नाही का रस्त्यावर ओणवा झालेला? बाबा तिथे गाडी थांबवून इंजिनला पाणी पाजायचे… हां, तोच. त्याच्या माथ्यावर भेग गेलीय. इस्कंदरकाका आठवतात? पिवळं जाकीट घालून रस्त्यावरचे दगड उचलत फिरतात, एकतीस वर्षं तोच पट्टा सांभाळतात… हो, ज्यांनी तुला बर्फात चाकांना साखळ्या लावून दिल्या होत्या. त्यांनी पहाटे भेगेवर आडवी प्लास्टरची पट्टी थापली. भेग हलली की प्लास्टर तडकतं, एवढं साधं आहे ते. आठला पट्टी तडकली. पावणेनऊला त्या तड्यात त्यांचं बोट जात होतं. मला फोन करून म्हणाले, ‘बाई, मी खाली उतरतो, तुम्ही तुमचं बघा.’ दादा, इस्कंदरकाका खाली उतरले! बर्फाच्या वादळात चहा उकळत बसणारा माणूस तो!”

“…भूगर्भवाले सुट्टीवर आहेत. उद्या दुपारी येतील… हो, मलाही माहीत आहे की उद्या म्हणजे उशीर… काय? परत बोल… मोजणीयंत्रावर काही दिसत नाहीये? अरे, हालचाल मोजणारं ते यंत्र कड्याच्या पायथ्याशी आहे, भेग माथ्यावर आहे, त्यावर दिसणार काय…”

 तिने फोन खांद्यावरून काढून हातात घेतला.

“एक मिनिट. यंत्राचं तुला कुणी सांगितलं?… मी सांगितलं? मी यंत्राचा शब्दही काढला नाही. दादा, कुणी सांगितलं?… माझी शप्पथ?… तवक्कोली साहेबांनी? त्यांनी फोन केला तुला? तुझा नंबर त्यांच्याकडे…”

उत्तर तिचं तिलाच सुचलं. कचेरीतल्या तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक चौकट होती. काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवायचं? तिथे तिनेच अठरा वर्षांपूर्वी होशंगचा नंबर लिहिला होता.

“वा! मी अपघातात सापडले तर कळवायचा नंबर तो! मी जिवंत, ठणठणीत, खुर्चीत बसलेली, आणि उपसंचालक माझ्या भावाला फोन करतात, ‘जरा समजावा बहिणीला’ म्हणून? आणि तू लगेच समजवायला निघालास?… चहा पाजणार आहेत तुला? अडसर उघडला की सगळ्यात आधी तुझी गाडी सोडणार? असं म्हणाले?… दादा, खरं सांग… हं. म्हणजे त्या कड्याखालून पहिली जाणार कोण, तर आई. ऐकलंस काय बोललास ते? पुन्हा एकदा तोंडाने म्हण बघू.”

 मनीजेने दोन पडदे बदलले आणि हाताने खूण करून हराज़च्या पर्यायी रस्त्यावरचा कॅमेरा मोठा करायला सांगितला.

“…नाही, रागावले नाही. तुझ्यावर नाही… हो, आजच सकाळी दहाला आले होते ते इथे. म्हणाले, अर्धाच तास उघड, मोकळं होऊ दे, मग कर पुन्हा बंद. वरून फोन येतायत म्हणे. मी म्हटलं, द्या लेखी. तर म्हणाले, तोंडी आहे. मग सेपीदेला म्हणाले, रस्त्यावरच्या पाट्या बदल, ‘रस्ता खुला’ टाक. सेपीदे कोण? अरे, आमच्याकडे पाट्यांचं काम बघते ती, नवीनच लागलीय. ती पोरगी उठून उभी राहिली नि म्हणाली, ‘मलाही लेखी द्या.’ तिची नोकरी अजून कायम नाही, दादा. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही.”

“…का म्हणजे? तुला सात वर्षांपूर्वीचं आठवत नाही?… तूच मला इथून न्यायला आला होतास तेव्हा. बर्फ होता, मी रस्ता बंद केला होता, आणि असाच फोन आला. ‘अर्धाच तास’ हेच शब्द. मी उघडला. पहिल्याच खेपेला ती मिनीबस… हो. नऊ माणसं गेली. चौकशीत त्यांनी विचारलं, उघडायला कुणी सांगितलं? फोनवरचा माणूस म्हणाला, मी फक्त परिस्थिती विचारली होती. आणि ते खरंच होतं रे, कागदावर कुठे काहीच नव्हतं. मला ताकीद मिळाली. ताकिदीचं काही नाही. पण त्या बसच्या ड्रायव्हरची बायको मला भेटायला आली होती. भांडायला नव्हती आली. तिला फक्त विचारायचं होतं, रस्ता खुला होता ना, मग माझ्या नवऱ्याचं काय चुकलं? मी काय सांगणार होते तिला?”

कक्षाचं दार उघडलं. तवक्कोली साहेब आत आले. सुट्टीच्या दिवशीही कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल, दोन्ही थरथरत होते. ते सरळ मनीजेच्या टेबलापाशी आले आणि उभे राहिले.

“दादा, फोन ठेवू नकोस. थांब जरा.”

तिने मोबाईल तसाच टेबलावर ठेवला आणि खणातून एक कागद काढून साहेबांपुढे सरकवला. तिने तो दहा वाजताच टाइप करून ठेवला होता. एकच वाक्य होतं: भेगेची माहिती असूनही मी माझ्या जबाबदारीवर अठ्ठावन्नावा किलोमीटर वाहतुकीला खुला करत आहे. खाली रेघ, तारीख, वेळ.

साहेबांनी कागद वाचला. खिशातून पेन काढलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, पहिले तीन शब्द काढता येतील का? मनीजेने मान हलवली. बरं, ‘माझ्या जबाबदारीवर’ तरी? तिने पुन्हा मान हलवली. हातातला एक मोबाईल वाजून वाजून थांबला, दुसरा वाजायला लागला. कक्षातल्या अकराही माणसांनी आता उघडउघड माना वळवल्या होत्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची नीट घडी घालून खिशात टाकली, वर विचारून सांगतो म्हणाले आणि गेले. जाताना दार त्यांनी अगदी हळू लावलं.

“हॅलो… आहेस का? ऐकलंस?… नाही केली सही. बघ, रस्ता उघडावा असं सगळ्यांना वाटतं, पण आपण उघडला असं कुणालाच म्हणायचं नाहीये… हसू नकोस, हसण्यासारखं काही नाही… बरं, हस.”

“…नाही पडला तर? नाही पडला तर नाही पडला! मी काय तो पडायची वाट बघत बसलेय? तो कडा आणखी हजार वर्षं तिथेच राहो. उद्या भूगर्भवाले येतील, हातोडीने ठोकून बघतील, म्हणतील पक्का आहे. मग मला सगळे हसतील, एका घाबरट बाईने सणाच्या दिवशी लोकांचे हाल केले म्हणून छापूनही येईल. येऊ दे. दादा, कडा पडला नाही म्हणून मी चुकले असं होत नाही. सकाळी नऊ वाजता माझ्यासमोर जे होतं त्यावरून मी बंद केला. उद्या तसंच दिसलं तर उद्याही करीन. खुर्ची काढून घेतली तर उभ्याने करीन!”

आवाज जरा चढला होता. सेपीदेने चहाचा ग्लास आणून ठेवला आणि स्वतःच्या चहाबरोबरची खडीसाखर ओठांत धरूनच जागेवर परतली.

“आता आईचं. पेन आहे? नाही? मग वहिनीला लक्षात ठेवायला सांग, तुझ्यापेक्षा बरं. तुझ्या डावीकडची मार्गिका बघ… रिकामी आहे ना? ती मी परत जाणाऱ्यांसाठी मोकळी केलीय. पोलीस आहेत तिथे, वळवून देतील. तसाच मागे चालूसला उतर, किनाऱ्याने आमोल गाठ, तिथून हराज़च्या रस्त्याला लाग. अकरापासून तो रस्ता दोन्ही बाजूंनी फक्त तेहरानकडे चालू केलाय, चारही रांगा तुझ्याच. रात्री आठपर्यंत घरी… लांब आहे, माहीत आहे. दुप्पट आहे… आणि आमोलच्या सरकारी दवाखान्यात मी सव्वानऊलाच फोन केलाय. वाटेत आईला जड वाटलं तर सरळ तिथे जा, सुट्टीत बाहेरगावचे पेशंट घेतात ते. संध्याकाळी सहाची डायलिसिसची एक खाट राखून ठेवतो म्हणालेत, पण लवकर पोचलात तरच… नाही रे, वशिला कसला? फोन केला, विचारलं. सगळ्यांनाच देतात… तुला काय वाटलं, मी रस्ता बंद करताना माझ्या आईला विसरले? इस्कंदरकाकांचा फोन ठेवल्यावर पहिला फोन पोलिसांना, दुसरा तिथे.”

“…कोण? आई? दे, दे तिच्याकडे… आई! हो गं, मीच… नाही, नाही उघडणार… नाही गं… आता तू पण उघड म्हणू नकोस… काय?… उघडू नकोस म्हणतेस?”

 मनीजेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हो आई. ठीक आहे… पाय दुखतोय का?… आणि?… अगं, त्यात लाजायचं काय? महमूदाबाद सोडलं की उजव्या हाताला निळ्या घुमटाची मशीद आहे, तिथलं शौचालय स्वच्छ असतं. दादाला म्हणावं, पेट्रोलपंपावर थांबवू नकोस… हो, सगळ्या रस्त्यांवरचं माहीत आहे मला. हेच तर काम आहे… आता रडू नकोस. दादाला दे.”

“…दादा? निघालास?… गाडी वळवलीस? शाबास. सावकाश… हा कसला गलका?… अरे, काच का खाली केलीस? कुणावर ओरडतोयस?… मागच्या गाड्यांना? ‘फिरा, फिरा मागे, रस्ता नाही उघडायचा’… अरे देवा. ते काय म्हणतायत?… कोण सांगतं म्हणून विचारतायत?… ‘माझी बहीण सांगते’ असं नको रे सांगूस, मारतील तुला!… ऐकतायत? किती वळल्या?… अजून?…”

समोरच्या पडद्यावर, मर्ज़नाबादच्या चौकटीत, रिकाम्या मार्गिकेवर एकामागून एक गाड्या वळताना तिला दिसत होत्या. पहिली पांढरी होती. खिडकीतून एक हात बाहेर येऊन जोरजोरात हलत होता.

“बरं, विचारतायत तर सांग. नाव पण सांग… मनीजे रूदबारी… हो, पूर्ण. आणि ज्याला भांडायचं असेल त्याला इथला नंबर दे… हॅलो?… दादा, आवाज तुटतोय, घाटात शिरलास का?… हॅलो? हॅलो?…”