रेघ नाही सर, बीम!

...आणि म्हणे रेघ मारायची नाही! मला म्हणे, रेघ मारायची नाही! अहो, जन्मभर दुसरं केलंय काय मी? तुम्हाला सांगतो, ड्राफ्ट्समन माणूस मी, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, कुठला बीम किती खोल, त्यात सळया किती, सगळं रेघांनीच दाखवलं, आणि त्या इमारती उभ्या आहेत हो अजून! आता हे नवीन सॉफ्टवेअर आलंय. त्यात म्हणे अख्खी इमारतच आत बांधायची, कॉलम, बीम, सळया, सगळं खऱ्यासारखं, आणि ड्रॉइंगं मग तेच काढून देतं. मग मी कशाला? हे विचारायच्या आधीच साहेब म्हणाले, "शुक्रवारी त्या शाळेचं मॉडेल दाखवा. जमलं तर उत्तम, नाहीतर खाली रेकॉर्ड रूम आहेच." रेकॉर्ड रूम बघितलीये तुम्ही? खिडकी नाही. जुनी ड्रॉइंगं आणि एक टेबलफॅन, तोही सारखा नाही-नाही म्हणून मान हलवणारा. तिथे बसून निवृत्तीची वाट बघायची!

बरं, शिकवणार कोण? माझी सून! हसा, हसा... आमच्याच ऑफिसात आहे ती. घरी "बाबा, पाय वर घ्या, केर काढतेय," आणि इथे "सर, क्लिक करा." मी आपला एक कॉलम काढला, छान चौकोन, आत तिरप्या रेघा. म्हटलं, घ्या! तिनं चित्र नुसतं आडवं फिरवलं, तर माझा कॉलम फरशीवर सांडलेल्या दुधासारखा सपाट! बीम काढला, तीच गत. "ही रेघ झाली. रेघ नाही सर, बीम!" घरी गेलो तर बायको विचारते, "तोंड का पाडलंय?" म्हटलं, "रेघ नाही, बीम." ती म्हणाली, "आधी जेवून घ्या."

पण शिकलो! रडतखडत का होईना, शिकलो. गुरुवारी शाळा उभी राहिली, काय दिसत होती म्हणून सांगू! फक्त जिन्याजवळचा एक बीम खोलीला कमी पडत होता. आता आमच्या धंद्यात याला औषध ठरलेलं. आकडा खोडायचा, नवा लिहायचा, चित्राला हात लावायचा नाही. रेघ बिचारी कुठे तक्रार करते? मी त्या बीमच्या खोलीचा आकडा दुप्पट केला आणि खुशाल घरी गेलो.

शुक्रवारी मोठ्या पडद्यावर शाळा लागली. साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे जमलेले. त्या मॉडेलच्या आतून चालता येतं बरं का! आम्ही चालत चालत व्हरांड्यात शिरलो, आणि... अहो, त्या जिन्याजवळच्या बीमच्या नावाचे जेवढे बीम होते ना शाळेत, तेवढे सगळेच्या सगळे दुप्पट खोल! वर्गात, व्हरांड्यात, संडासातसुद्धा! दारांच्या निम्म्यापर्यंत लोंबतायत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इथून मुलं जाणार कशी?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वाकून."

कुणी हसलं नाही हो. साहेबांनी चष्मा काढला. मला तो टेबलफॅन दिसायला लागला.

तेवढ्यात सून उठली. "सर, चूक माझी. एक आकडा बदलला की त्या नावाचे सगळे बीम बदलतात, आधी नवीन नाव द्यायचं असतं, हे मी यांना सांगितलंच नव्हतं." खोटं! साफ खोटं! सांगितलं होतं तिनं, मी तेव्हा चष्मा पुसत होतो. पोटची पोरगी करणार नाही एवढं केलं तिनं! आणि तिथल्या तिथे सगळे बीम जागेवर नेऊन ठेवले.

साहेब विरघळले, तिला म्हणाले, "ठीक आहे, रेकॉर्ड रूम रद्द. पण यापुढे यांचं काम रोज तुम्ही तपासायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय यांचा एकही बीम पुढे जाता कामा नये."

नोकरी राहिली, खोटं कशाला बोलू? पण काय आहे... लग्न तिनं आणि माझ्या मुलानंच ठरवलं होतं, तरी सासरा म्हणून मी मोठ्या रुबाबात म्हणालो होतो, "मुलगी पसंत आहे!" आता रोज संध्याकाळी ती माझा एकेक बीम फिरवून फिरवून बघते, आणि मी शेजारी मान खाली घालून उभा... पसंत पडतोय की नाही, म्हणून!